जर्दाळू रंगाची पाकळी

“दमले बाई…” म्हणत मी काउंटरला टेकले, तोच पलीकडून आवाज आला, “टेका, पण जपून हं. तिथे माझी सुई आहे.”

मराठी! इथे परदेशात, चँडलर गावातल्या त्या चिमुकल्या आर्मेनियन दुकानात, मातीची लालबुंद डाळिंबं आणि जर्दाळूच्या लाकडाचे पावे यांच्या मधोमध, एक उंचापुरा माणूस स्टुलावर बसून लेस विणत होता. दुकानाच्या मालकीण अनाहितबाई त्याच्या बोटांकडे करड्या नजरेने बघत होत्या.

मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून आलेली. हात दमलेले, पाय दमलेले, डोळ्यांचं तर विचारूच नका. आमच्या इथल्या मराठी मंडळींतल्या भावनाताईचं नवं घर बांधून व्हायला अवकाश होता, पण इथे आपलं कसं… दिसलं चांगलं की घ्यायचं आणि गिफ्टच्या कपाटात टाकून ठेवायचं. आमच्या प्रत्येकीकडे तसं एक कपाट असतंच.

“तुम्ही इथे काम करता?”

“छे! सोमवार ते शुक्रवार इंजिनिअर. शनिवारी अनाहितकाकूंचा सगळ्यात ढ विद्यार्थी. सिद्धेश.”

“मी मैत्री. आणि हे लेसचं वेड?”

“मशिनं आठवडाभर डोकं खातात. सुई गप्प बसते.” त्याने ती नाजूक जाळी उजेडात धरली. “नुसत्या गाठी आहेत बघा. एक धागा तुटला तरी बाकीचं उसवत नाही.”

“माणसांचंही असं असतं तर!”

तो हसला. दमलेलंच हसू, पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं.

भावनाताईसाठी मी लेसचा एक रुमाल घेतला. काकूंनी तो खाकी कागदात बांधला, वर लाल दोरा. घरी येऊन कपाटात टाकला, आणि पुढच्या शनिवारी माझी गाडी आपोआप तिकडेच वळली.

मग दर शनिवारीच वळू लागली. काकू जर्दाळूचा मुरंबा घातलेला चहा द्यायच्या. तो विणायचा, मी बोलायचे, आणि बोलता बोलता काउंटरवर डोकं टेकून चक्क झोपायचे. जाग आली की टेबलफॅन माझ्याकडे वळवलेला असायचा. कोणी वळवला, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

“घोरतेस तू,” एकदा एवढंच म्हणाला.

“खोटारडा!”

“काकूंना विचार.”

काकूंना मराठी येत नव्हतं. तरी हसल्या.

आणि मग तो शनिवार आला. पार्किंगमध्ये ऊन नुसतं भाजून काढत होतं.

“मला नव्या नोकरीसाठी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला बोलावतायत,” सिद्धेश म्हणाला. “सोमवारी हो-नाही कळवायचंय.” त्याने एक पुडकं पुढे केलं. खाकी कागद, लाल दोरा. “घरी उघड. आणि काय वाटलं ते… सोमवारच्या आत सांग. प्लीज.”

घरी आल्यावर दोऱ्याला हात लावला आणि थांबले. रात्री पुन्हा ड्यूटी होती. असं काही पेंगत उघडायचं नसतं. रविवारी संध्याकाळी, झोप काढून, केस धुऊन, चहा समोर घेऊन… नीट जागेपणी उघडायचं. हाताला सवय, पुडकं कपाटात ठेवलं गेलं.

रविवारी दुपारी भावनाताईचं हाउसवॉर्मिंग, गावातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना आमंत्रण. रात्रपाळीहून आले, तासभर आडवी झाले, डोळे चोळत कपाट उघडलं, पुडकं उचललं, निघाले.

“अय्या, काय गं आणलंस?” म्हणत ताईने सगळ्यांसमोरच दोरा सोडला.

पांढरी लेस. मधोमध फूल, आणि फुलाची एक पाकळी वाकडी. वाकडी, आणि जर्दाळूच्या रंगाची.

दुकानात असं कधीच नव्हतं. काकूंनी उसवायला लावलं असतं. माझी झोप खाडकन उडाली.

सिद्धेश दारातच उभा होता, हातात वरणाचं पातेलं. त्याने लेसकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

“छान आहे,” तो हळूच म्हणाला, पातेलं ठेवलं आणि मागच्या अंगणात निघून गेला.

बायका लेस हातोहात बघत होत्या. दिलेलं गिफ्ट परत मागायचं? भर पंगतीत? आयुष्यभर चिडवतील…

“ताई, ते परत दे.”

“काय?”

“माझं आहे ते. चुकून आणलं. तुझं घरी राहिलं… प्लीज, ताई.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग भावनाताई खो खो हसली. “घे बाई! बरं झालं आत्ताच बोललीस. मी ते शैलजाच्या डोहाळजेवणाला द्यायचं ठरवत होते!”

लेस छातीशी धरून मी अंगणात धावले. तो पायरीवर बसला होता.

“दोन्ही पुडकी सारखी होती रे. तुझं मी राखून ठेवलं होतं, नीट जागी असताना उघडायला… आणि झोपेतच उचललं.”

त्याने वाकड्या पाकळीवरून बोट फिरवलं.

“पांढरा धागा संपला,” तो म्हणाला. “काकू म्हणाल्या, नवा आण. पण मला शनिवार चुकवायचा नव्हता.”

“हे तू केलंस… माझ्यासाठी?”

“मग काय काकूंसाठी?”

मी त्याच्या शेजारी बसले. ऊन उतरत होतं, अंग ठणकत होतं.

“सिद्धेश, मी फार दमलेय. तू मॉरिसव्हिलला गेलास तर… मी कुठे टेकू?”

तो जरा सरकला, आणि खांदा माझ्याकडे वळवला.

“टेक,” म्हणाला. “इथे सुई नाही.”