दोन बांबूंमधला अंतरपाट

९ फेब्रुवारी १९९६, दुपारचे चार. मंडी हाऊसजवळच्या एका लहानशा कलादालनात, माझ्या पहिल्या एकल प्रदर्शनातल्या सर्वांत मोठ्या चित्रासमोर उभा राहून एक माणूस हसला.

प्रदर्शनाचं नाव होतं 'आपण कुठल्या?' दिल्लीत मी मराठी आणि पुण्यात मावश्यांसाठी 'दिल्लीवाली'. बाबा यंदा निवृत्त होताहेत, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सुटणार, नोएडात नवा फ्लॅट घेतलाय. जायच्या आधी मी ती कॉलनी रंगवून घेतली होती. अंगणातल्या लोणच्याच्या बरण्या, स्कूटरवरचा गणपती, आणि या चित्रात हिरवळीवरचं लग्न. वधू, वर, मधे दोन बांबूंना बांधलेला अंतरपाट.

"हसायला काय झालं?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी हं... पण अंतरपाट बांधलाय!"

"अच्छा. मग?"

"तो धरतात. दोघं जण, दोन टोकं. मंगलाष्टकं लांबली की हात भरून येतात. आमच्या घरी हे काम माझंच. उंच आहे ना—"

उंच होता खरा.

"आमच्याकडे बांधतात," मी ताठ स्वरात म्हटलं.

"आमच्याकडे म्हणजे?"

मी दालनातल्या फोनवरून आईला विचारलं. ती हसत सुटली. "अगं मयू, आपल्या शेजारच्या अलकनंदाच्या लग्नात पुण्याच्या माणसांची गाडी धुक्यात अडकली. धरणार कोण? बाबांनी तंबूवाल्याकडून बांबू मागवले. मग कॉलनीत सगळेच बांधायला लागले. सोयीचं होतं बिल्कुल!"

पुण्यातल्या लग्नांत मी कायम मागच्या रांगेत असायचे; पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. मला कळणार कसं? भिंतीवरून चित्र उतरवावं, असं वाटून मी चौकटीला हात घातला.

"उतरवू नका," तो म्हणाला. "चूक कुठेय? तुमची रीत आहे ही."

माझ्या सगळ्या चित्रांना जे सांगायचं होतं, ते तो इतक्या सहज बोलून गेला... मी चौकटीवरचा हात काढला.

त्याचं नाव शार्दूल, पुण्याचा. नोएडात टीव्हीच्या नव्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायला लागला.

"रोज काय बघता?"

"चित्रं."

"पाठ म्हणून दाखवा बघू."

"पहिल्यात स्कूटर. दुसऱ्यात बरण्या. दोन्हींच्या मधे एक मुलगी, कानामागे निळा रंग लागलेला."

माझा हात कानाकडे गेला.

"दुसऱ्या कानामागे," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी मोठं चित्र उतरवायला तोच आला. चौकटीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. त्या दिवशी तो फार बोलत नव्हता.

"काय झालंय?"

"आईनं पुण्यात मुलगी बघितलीय. आईचं एकच म्हणणं... सून आपल्याकडची हवी."

"आणि मी कुणाकडची?"

त्यानं चौकट जमिनीवर टेकवायची खूण केली. "थांब. हे धरून मला बोलता येत नाही."

चित्र भिंतीला टेकवून तो माझ्या बाजूला आला. एवढ्या उंच माणसाला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"मला तू हवी आहेस, मयुरा. शनिवारी जाऊन आईला सांगतो."

"नाही म्हणाल्या तर?"

"तर पुन्हा सांगतो."

"आणि त्यांनी रडारड केली, तर?"

तो खरं तेच बोलला, "...ते मला माहीत नाही."

त्या उत्तरामुळेच असेल, मी त्याचा हात धरला.

शनिवारी तो गेला. सोमवारी फोन नाही, मंगळवारी नाही. घरी सामानाची बांधाबांध चालली होती. फोनची घंटा वाजली की आई मुद्दाम स्वयंपाकघरात जायची.

आज, बुधवारी संध्याकाळी पुणे स्टेशनच्या एसटीडी बूथवरून त्याचा आवाज आला. मागे हमालांचा गलका.

"झेलम एक्स्प्रेसनं निघतोय."

"आई काय म्हणाल्या?"

"ना हो म्हणाली, ना नाही. सकाळी बॅग भरून दारात उभी राहिली. माझ्यासोबत आहे."

"कशाला येताहेत?"

"विचारलं. सांगत नाही, यार... मयुरा, गाडी हलली—"

फोन बंद झाला. झेलम उद्या रात्री नवी दिल्लीला पोचते. त्या होकार आणताहेत की नकार, ते मला फलाटावरच कळेल.