फिरत्या पाटीवरचे तेवीस शिक्के

सन १९६६, ऑगस्टचा पहिला आठवडा. सकाळची रेडिओवरची कवायत आटोपून, गळ्यात हजेरीच्या शिक्क्यांची कार्डं लटकवून तिघंजणं झऱ्याकडे धावत सुटली होती. पुढे सुमिए, तिच्यामागे इसामु आणि सगळ्यांत मागे दोन रिकाम्या बादल्या खणखणवत फुसाको.

"मला आज शिक्काच दिला नाही!" इसामु धापा टाकत कुरकुरला. "हात नीट वर नेले नाहीत म्हणे!"

"उभ्या उभ्या झोपलास तू. शिक्का काय फुकट मिळतो?" सुमिए म्हणाली आणि एकदम थांबली. इसामु तिच्यावर आदळला. फुसाकोच्या बादल्या इसामुवर आदळल्या.

अक्रोडाच्या झाडांखालच्या झऱ्याभोवती नवेकोरे खुंटे ठोकलेले होते. प्रत्येकावर लाल चिंधी! आणि झऱ्याच्या काठच्या दगडावर एक हेल्मेटवाला माणूस भाताचे गोळे खात बसला होता. त्याचे मोजे पाण्यात भिजत पडले होते. ज्या पाण्यातून कुरुमिसावाची तेवीस घरं चहा करायची आणि फुसाकोचे बाबा तोफू बनवायचे, त्या पाण्यात!

"ओ काका! मोजे काढा आधी!" सुमिए कडाडली. "आणि हे खुंटे कुणी ठोकले?"

"मीच. हात लावू नका हं." त्याने बोट चाटलं. "पंधरा तारखेपासून इथे खडीची खाण. हा डोंगर फोडायचा, दगड धुवायचे. धुवायला झरा आयताच मिळाला."

"मग आम्ही प्यायचं काय?"

"ते घरी विचार. तेवीसच्या तेवीस घरांची संमती आहे. दहा तारखेला तालुक्याच्या कचेरीत ठराव होणार. तोवर कुणी हरकत घेतली नाही की झालं!"

त्याने पिशवीतून कागद काढून नाचवला. चार पानं, चौथ्यावर झऱ्याचा मजकूर आणि खाली लाल शिक्क्यांच्या रांगा. सुमिए वाकून बघायला गेली. तिसऱ्या रांगेतला गोल शिक्का. खालची कड तुटलेली. सहीऐवजी प्रत्येक घर आपला शिक्का मारायचं, आणि हा त्यांच्या घराचा! दोन वर्षांपूर्वी पायरीवर पडून त्याचा टवका उडाला होता.

आणि तिला आठवलं. जूनमध्ये गावाची फिरती पाटी घरी आली होती. पाटीला चिमट्यात अडकवलेले सूचनांचे कागद. वाचायचे, शिक्का मारायचा, शेजारी द्यायचे. आई भातलावणीच्या चिखलाने माखलेली होती. "सुमिए, खणातला शिक्का मार आणि पाटी पुढे देऊन ये," म्हणाली होती. बाहेर दोरीच्या उड्या खेळायला मुली थांबल्या होत्या. तिने शिक्का मारला होता. वाचलं नव्हतं.

सुमिए तिथून जी निघाली ती थेट गावचे प्रमुख कुरोइवा यांच्या ओसरीवर. हे इसामुचे आजोबा. गाव त्यांना मान द्यायचं आणि ते स्वतःच्या मिशीला. त्या वेळी ते मिशीलाच तेल लावत होते.

"आजोबा, तुम्ही झरा देऊन टाकलात!"

"काय? अगं, ते लोक आपला रस्ता डांबरी करून देणार आहेत. पहिल्याच पानावर आहे."

"आणि चौथ्या पानावर?"

कुरोइवांचा हात मिशीवरच थांबला. "चौथं पान... ते नेहमीचंच असतं. बाकीच्यांनी वाचलंय की!"

"कुणीही वाचलं नाही! तुम्हीसुद्धा नाही! अख्खा गाव आंधळा आहे आणि तुम्ही त्यांचे पुढारी!"

"पुरे!" कुरोइवा लालबुंद झाले. "बारा वर्षांची पोर माझ्या दारात उभी राहून आवाज चढवते? शिक्का बसला, विषय संपला!"

संध्याकाळी आईने सुमिएला तिथे परत नेलं आणि चटईला कपाळ टेकवून माफी मागायला लावली. सुमिएने कपाळ टेकवलं. दात इतके आवळले होते की कानशिलं दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिघंजणं पुलाखाली मिसोची खारट चटणी लावून काकड्या खात बसली होती. सुमिए खात नव्हती, दगड भिरकावत होती.

"तुझे बाबा काय म्हणाले गं?" तिने फुसाकोला विचारलं.

"म्हणाले, कुरोइवा-सानांनी बघितलं असेल सगळं."

"आणि आजोबा म्हणतात, बाकीच्यांनी बघितलं असेल!" इसामुने कपाळावर हात मारला.

"मी उद्या चौकात उभी राहून ओरडणार! एकेकाच्या नावानं!"

"ओरड," फुसाको शांतपणे म्हणाली. "काल ओरडलीस, तर सगळा गाव काय बोलतोय ठाऊक आहे? सुमिए किती उर्मट आहे. झऱ्याबद्दल एक शब्द नाही. त्यांना तुझा आवाज ऐकू आला, तुझं म्हणणं नाही."

सुमिएला इतका राग आला की ती फुसाकोवरच दगड उगारणार होती. पण फुसाकोचे डोळे भरलेले होते. झरा गेला तर तोफूचं दुकान गेलं, हे तिने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. सुमिएने दगड खाली ठेवला.

"मग कसं सांगायचं? सांगून पटत नाही ना! ते वाचत नाहीत हे त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवं!" ती बोलता बोलता उठून उभी राहिली. "इसामु! पाटी पुन्हा कधी निघणार?"

"उद्या. आमच्याच घरून. मीच नेतो पहिल्या घरी."

"फुसाको, तुझं अक्षर मोठ्या माणसासारखं आहे. काकडी टाक आणि कागद आण!"

डास मारण्याच्या फवारणीची सूचना आणि बॉन या पितरांच्या सणातल्या नाचाची तयारी यांच्यामध्ये एक पान सरकवलं गेलं. त्यावर लिहिलं होतं: 'प्रत्येक घर आपला न्हाणीतला लाकडी टब शाळेच्या मुलांना होडी म्हणून देईल. टब रविवारी दुपारी सभागृहात गावाच्या बैठकीच्या वेळी नेले जातील. त्याच वेळी गावप्रमुख सर्वांसमोर आपली मिशी उतरवतील. सर्वांची संमती आहे.'

"आजोबांची मिशी!" इसामु पांढराफटक पडला. "मला जिवंत ठेवणार नाहीत!"

"वाचलं तर ना!" सुमिए म्हणाली.

पाटी दोन दिवस गावभर फिरली. तिघांच्या जिवाचं पाणी पाणी! आता कुणीतरी बोंब मारेल, मग कुणीतरी हसेल. शनिवारी संध्याकाळी पाटी परत आली. इसामुने मोजले. बावीस शिक्के. तेविसावा आजोबांनी त्याच्यासमोर मारला. एका हाताने कलिंगड खात.

हसू यायला हवं होतं. सुमिएला मात्र रडावंसं वाटलं, इतका तिचा संताप झाला.

रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. कुरोइवा घसा खाकरून उभे राहिले, तेवढ्यात दार सरकलं. इसामु आत आला. हातात तबक, तबकात गरम पाण्याचं भांडं, साबण आणि वस्तरा.

"आजोबा, मिशी."

"काय चावटपणा आहे हा!"

"आणि बाहेर हातगाडी उभी आहे," फुसाको म्हणाली. "टब न्यायला. पहिलं घर आमचंच. बाबा, चला!"

एकच गलका झाला. "कसला टब?" "डोकं फिरलंय का पोरांचं!" "आमच्याकडे पाहुणे यायचेत, अंघोळ कशात करतील?"

सुमिए मधोमध येऊन उभी राहिली. सगळे ती ओरडायची वाट बघत होते. आई तर उठलीच होती तिला धरायला. सुमिएने दोन्ही हातांनी पाटी उंच धरली आणि अगदी हळू वाचायला सुरुवात केली. इतक्या हळू, की ऐकायला लोकांना गप्प बसावं लागलं. 'लाकडी टब' आलं तेव्हा कुणीतरी खुदकन हसलं. 'मिशी' आली तेव्हा मागचे दोघं लोळायला लागले. मग तिने शिक्क्यांचं पान फिरवून दाखवलं. हसणं एकेका रांगेतून विझत गेलं.

"हे परवाचं," ती म्हणाली. "आता जूनचं वाचते."

इसामुने सभागृहाच्या कपाटातली प्रत तिच्या हातात दिली. तिने सरळ चौथं पान काढलं. 'अक्रोडाखालच्या झऱ्याचं सर्व पाणी दगड धुण्यासाठी वळवण्यात येईल. त्यावर गावाचा हक्क राहणार नाही.'

फुसाकोचे बाबा उभे राहिले. त्यांनी पुढे येऊन सुमिएच्या हातातलं पान पुन्हा वाचलं.

"कुणी शिक्का मारला यावर? कुणी?" मागून एकजण गरजला.

"मी," सुमिए म्हणाली. "आमच्या घराचा मी मारला. ही बघा तुटलेली कड. मला खेळायला जायचं होतं, म्हणून वाचलं नाही. मला माझाच राग येतोय. तुम्हा सगळ्यांचाही येतोय. आम्हाला कवायत केल्याशिवाय शिक्का मिळत नाही, आणि तुम्ही न वाचता झरा देऊन टाकता! दहा तारखेला तीन दिवस आहेत. मला तेवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसली.

कुरोइवांनी तो वस्तरा उचलून बघितला. मग त्यांनी चटईवर मांडी घातली.

"इसामु, पाणी निवतंय. आण इकडे."

"आजोबा, ते... ती गंमत होती."

"शिक्का माझा आहे ना? मग मिशीही गेलीच पाहिजे." आणि सगळ्यांसमोर त्यांनी मिशी उतरवली. पस्तीस वर्षांची! साबण पुसून ते सुमिएकडे वळले. "त्या दिवशी तू ओरडलीस ते खरं होतं, पोरी. मला ऐकायची लाज वाटली, म्हणून मी तुझ्या आवाजाला नावं ठेवली. ती माफी मी मागायला हवी होती." आणि त्यांनी चटईला कपाळ टेकवलं. सुमिएच्या आईने बाहीआड नव्हे, सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि लेकीच्या पाठीवर एक धपाटा घातला. तो शाबासकीचा होता.

दुसऱ्या दिवशी तेवीस घरांची माणसं तालुक्याच्या कचेरीत गेली. हरकतीचा अर्ज दारातच मोठ्यांदा वाचला गेला, मगच शिक्के बसले. दहा तारखेला ठराव बारगळला. लाल चिंध्या मुलांनी बॉनच्या कंदिलांना बांधल्या.

कुरोइवा आजोबांनी पुन्हा मिशी ठेवली नाही. बॉनच्या फोटोत त्यांच्या ओठावर एक पांढरा पट्टा दिसतो. त्यानंतर नऊ वर्षं ते प्रमुख होते, आणि पाटीवरचं प्रत्येक पान शिक्क्याआधी घरातल्या मुलाकडून मोठ्यांदा वाचून घ्यायची त्यांनी लावलेली रीत त्यांच्या मागेही टिकली. इसामु जमीनमोजणीच्या खात्यात लागला. खुंटे ठोकण्यापूर्वी तो प्रत्येक दार वाजवायचा. फुसाकोने दुकान चालवलं आणि साठाव्या वर्षीही भल्या पहाटे त्याच झऱ्यावर बादल्या भरल्या. तो हेल्मेटवाला पुन्हा दिसला नाही. त्याचे मोजे मात्र बरेच दिवस झऱ्याकाठच्या फांदीवर लटकत होते.

सुमिए शिक्षिका झाली. तिचा राग आयुष्यभर कमी झाला नाही, आणि तिलाही तो कमी करायचा नव्हता. वर्गात कुणी संतापून उठलं की ती त्याला खाली बसवत नसे. "ओरडून झालं? आता हळू सांग," म्हणायची, "म्हणजे आम्हाला गप्प बसून ऐकावं लागेल."