अर्धा डबा हिरवा रंग

१९६४ सालचा फेब्रुवारी. इजिप्तमधल्या फय्यूमच्या कफर जुम्मैझ गावात शाळेला सुट्टी लागली होती. कालव्याची सफाई संपून त्यात पुन्हा पाणी सोडलं होतं. सफाईसाठी काढलेलं गावचं मोठं पाणचाक नवा हिरवा रंग लावून परत बसवलं होतं आणि ते ऐटीत फिरत होतं, कुरकुरत होतं. फक्त पाणी वर चढत नव्हतं!

घराएवढं उंच लाकडी चाक ते. प्रवाहानं फिरायचं, कडेच्या पेट्यांत पाणी भरून घ्यायचं आणि वरच्या पन्हळीत ओतायचं. यंदा मात्र पेट्या अर्ध्या वाटेतच रित्या होत होत्या. पन्हळ कोरडी, शेतं कोरडी.

"पेट्या गळताहेत!" ठेकेदार बयूमीकाका म्हणाले आणि त्यांनी डांबर फासलं. तरीही पाणी चढेना. "मग नजरच लागलीय!" असं म्हणून त्यांनी निळे मणी टांगले, शिवाय एक फाटका जोडाही.

शाळेचे मुख्याध्यापक शुक्रीसाहेब तरबूश, म्हणजे तांबडी गोंडेदार टोपी, सावरत पुढे आले. गावात तरबूश घालणारे आता तेच एकटे उरले होते. त्यांनी कागदावर भराभर आकडे मांडले. "हे बघा! गणितानं पाणी चढलंच पाहिजे!"

"असं का? मग माझ्या बरसीमच्या चाऱ्याला गणितच पाजा!" गावचे ओम्दा, म्हणजे पाटील, गरजले. "माझी म्हैस दोन दिवस माझ्याकडे बघतसुद्धा नाही!"

सगळे हसले. शाळेत शिकणाऱ्या इनायत, वगदी आणि सबरी यांना मात्र हसू येईना. त्यांची निराळीच पंचाईत झाली होती. शाळेची कार्यशाळा बंद होणार होती! सुट्टी संपली की तिथे परीक्षेच्या खुर्च्या रचायच्या, असं शुक्रीसाहेबांनी ठरवून टाकलं होतं. "हातोडी मारून कोणी इंजिनियर होतो काय? इंजिनियर पुस्तकातून होतात!" असं त्यांचं म्हणणं.

तिघं धावत कार्यशाळेत आली. तिथले शिक्षक उस्ताद फिक्री करवती तेल लावून गुंडाळून ठेवत होते.

"उस्ताद, चाक का बिघडलंय?" इनायतनं विचारलं.

"मला काय माहीत? आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं! हात कशाला दिलेत तुम्हाला?"

"माझे जेवायला," वगदी म्हणाला.

"मग आज त्यांना दुसरं काम दे. तुझी सायकल आण!"

"सायकल? माझी?" वगदीचा चेहरा पडला. तरी त्यानं ती आणली. सबरीनं पुढचं चाक काढलं, इनायतनं त्याच्या कडेला सार्डिन माशांचे रिकामे डबे तारेनं बांधले. चाक पाण्याच्या टबावर टांगलं. वर पन्हळ म्हणून पत्रा लावला.

"कालवा वाहतो त्याच दिशेनं फिरव हं!" इनायत म्हणाली.

वगदीनं चाक फिरवलं. डबे बुडाले, वर यायला लागले आणि सगळं पाणी भसकन त्याच्या चपलांवर सांडलं!

"वा! अगदी गावच्या चाकासारखं!" सबरी टाळ्या पिटत म्हणाला. "बयूमीकाकांना बोलावू का डांबर घेऊन?"

"थांब!" इनायत डब्यांकडे टक लावून बघत होती. "वर येताना डब्यांची तोंडं खाली आहेत. चाक काढ आणि उलटून लाव!"

सबरीनं चाक उलटून बसवलं. वगदीनं फिरवलं. आता डब्यांनी तोंड पुढे करून पाणी उचललं आणि थेट वर नेऊन पत्र्यावर ओतलं!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कालव्याकडे धूम ठोकली.

चाकाची रस्त्याकडची बाजू हिरवीगार होती. शेताकडची मात्र कोरी! पन्हळ होती रस्त्याच्या बाजूला. म्हणजे वर्षानुवर्षं पाणी ओतून उमटलेला पांढरा डागही तिकडेच असायला हवा होता. तो मागच्या कोऱ्या बाजूला होता.

"बयूमीकाका, रंग एकाच बाजूला का लावलात?"

"अगं, अर्धाच डबा होता! परवा पाहुणे येणार, रस्त्याकडे त्यांचा मंडप. रंगीत बाजू त्यांना दिसायला नको?"

"म्हणून चाक उलटून बसवलंत?"

"चाक गोल असतं, पोरी! त्याला उलटं-सुलटं कुठलं?"

मग सायकलचं चाक कालव्यावर आलं. शुक्रीसाहेब अगदी जवळ वाकले. "खेळणी! नुसती खेळ..." आणि वगदीनं चाक फिरवलं. भरलेला डबा वर गेला आणि नेमका तरबुशावर रिकामा झाला!

"चढलं! पाणी चढलं!" ओम्दा पोट धरून हसू लागले. "बयूमी, माणसं बोलाव! काढ ते चाक!"

वीस माणसांनी दोर लावले. दुपारपर्यंत चाक उलटून बसलं. पहिली पेटी वर आली, कलंडली आणि पन्हळीत धो धो पाणी कोसळलं! बायकांनी लांबलचक ललकारी दिली. मंडपाच्या बाजूला आता कोरं लाकूड होतं, पण तिकडे कोण बघतंय!

"शाबास रे पोरांनो!" ओम्दांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आणि साहेब, त्या खुर्च्या माझ्या गोठ्यात ठेवा. कार्यशाळेला कुलूप लागलं तर आधी माझ्या म्हशीला उत्तर द्या!"

शुक्रीसाहेबांनी तरबूश पिळला. "उस्ताद फिक्री," ते हळूच म्हणाले, "करवती परत लावा भिंतीला."

पुढे इनायत कालव्यांची इंजिनियर झाली. कुणी नकाशा दाखवला, की ती आधी विचारायची, "करून पाहिलंस?" सबरी कैरोत दातांचा डॉक्टर झाला. त्याची खुर्ची बिघडली तर तो स्वतःच उघडतो. वगदीनं सायकलींचं दुकान काढलं, पण स्वतःची सायकल पुन्हा कुणाला दिली नाही. बयूमीकाका रंग कमी पडला, की दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या रंगवायचे. उस्ताद फिक्री म्हातारे होईपर्यंत त्या कार्यशाळेतच होते. दरवर्षी नव्या मुलांना सार्डिनचे डबे बांधायला द्यायचे आणि काहीही सांगायचे नाहीत. त्या दिवशी निवृत्त शुक्रीसाहेब हटकून यायचे. अगदी पुढे बसायचे. छत्री उघडून!