तक्रार क्रमांक दोनशे बारा

श्यामलाबाईंना गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. कोथरूडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. बाईंनी मुलांसाठी 'जुळवणी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मुलांनी अटी घालायच्या: संपत हिंदुरावशेजारी बसणार नाही, कुसुमला खिडकी हवी, मैनाला पहिला बाक नको. जुळवणी सगळ्यांना बसवून दाखवायची. बसत नसतील तर सरळ सांगायची, "जमत नाही."

शाळाशाळांतून चुका कळवल्या जात, नव्या सोयी मागितल्या जात. या तक्रारींची बाईंनी यादी ठेवली होती आणि तिचे दोन नियम होते. ज्याची तक्रार, त्यानेच 'पटलं' असं लिहून ती बंद करायची. आणि एकही तक्रार उघडी असेल तर नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही. दोनशे अकरा तक्रारी अशा बंद झाल्या होत्या. मंडईजवळच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीने तर सात वेळा 'नाही पटलं' लिहून बाईंना रडकुंडीला आणलं होतं. तिची गोष्ट त्या येईल त्या पाहुण्याला ऐकवत.

दोनशे बारावी तक्रार यज्ञेश्वर सरांची. सर बाईंच्याच शाळेतले. तपकीर सढळ हाताने ओढायचे. कौतुक करताना मात्र हात आखडता. वीस वर्षांत बाईंना त्यांनी एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, "नुसतं 'जमत नाही' काय म्हणता? ते आमचा शिपाईसुद्धा सांगतो. कुठली अट सोडली तर जमेल, ते सांगा." बाईंना ते झोंबलं, कारण खरं होतं. काम आठ महिने चाललं. सहाव्या महिन्यात सर गेले.

गुरुवारी दुपारी उल्काचा फोन आला. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी; आयटीतली नोकरी सांभाळून जुळवणीचं काम बघायची.

"मॅडम, सोमवारी नवीन व्हर्जन शाळांना द्यायचंय. दोनशे बारा मी क्लोज करू का?"

"तक्रार तुझी आहे का?"

"पण सर तर..."

"ठाऊक आहे. वैकुंठ स्मशानभूमीत मीही होते."

"मग मोडा ना नियम. तुमचाच तर आहे."

"म्हणूनच मोडत नाही," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

गुरुवार हा वीजमंडळाच्या दुरुस्तीचा वार असल्यामुळे सकाळपासून वीज नव्हती. पंखे थांबलेले, पाण्याचा पंप गप्प. सगळी सोसायटी जेवून निजली होती. वीज नाही म्हणून इंटरनेटही नव्हतं. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता. बाईंनी थोड्या हट्टानेच स्वतःचं कोडं जुळवणीला घातलं. पहिली अट, तक्रार करणाऱ्यानेच ती बंद करायची. दुसरी, उघडी तक्रार असताना आवृत्ती द्यायची नाही. तिसरी, आवृत्ती सोमवारी द्यायचीच. चौथी, यज्ञेश्वर सर हयात नाहीत.

जुळवणीने क्षणभर विचार केला. "जमत नाही. चौथी अट सोडा, जमेल."

बाईंना हसू आलं. चारांतली कुठलीही एक सोडली तरी उरलेल्या तिन्ही जमत होत्या. कोण आहे आणि कोण गेलं, हे जुळवणीला काय माहीत? उत्तर चोख होतं. "बघा सर," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, "आहे काही खोट?" आणि बरोबर उत्तरावर खूण करायच्या हाताच्या सवयीने त्यांनी 'मान्य' दाबलं. चौथी अट सुटली.

आधी तपकिरीचा वास आला.

मग मागची वेताची खुर्ची करकरली, कुणी बेताने बसल्यासारखी. बाईंची मान वळेना. पडद्यावर यादी आपोआप उघडली. दोनशे बाराच्या खाली एकेक अक्षर उमटू लागलं, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाच्या गतीने.

'पटलं. — य.'

भीती वाटत होती, तरी बाईंचे डोळे भरून आले. वीस वर्षं त्या सरांच्या अशा एका शब्दाची वाट बघत होत्या.

"सर...?"

मागून नुसता श्वास, दमलेला.

बाईंनी घाईघाईने चौथी अट परत लावायचा प्रयत्न केला. ती लागेना. एकदा मान्य केलं की अट परत लावायची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती. ती कुणाला लागेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

पाच वाजता वीज आली, पाठोपाठ उल्काचा फोन.

"मॅडम, क्लोज केलीत! शेवटी ऐकलंत माझं. पण ही दोनशे तेरा कुणाची?"

"वाच," बाई हळू आवाजात म्हणाल्या. पाठीमागचा वास अजून गेला नव्हता.

"'सोडलेली अट परत लावायची सोय हवी. लवकर करा. आता इथे बसवत नाही...' मॅडम? नाव टाकलंय नुसतं 'य'."

बाईंनी फोन बाजूला ठेवला. मागे न बघता त्यांनी दोनशे तेरासमोर लिहिलं, 'काम सुरू.'

मागची खुर्ची पुन्हा करकरली. सरांच्या आधीच्या तक्रारीला आठ महिने लागले होते.