उलटसुलट बांधलेली लाटणी

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पोटच्या पोरीनं नाही, जावयानं तर नाहीच. आता दोघं मान खाली घालून माझ्या हातचे डिंकाचे लाडू खातात, पण तेव्हा मी वेडी ठरले होते. म्हणून सांगते, नीट ऐका.

आश्लेषाचं बाळंतपण करायला मी फलटणहून अमेरिकेत ॲन आर्बरला आले. भाड्याचं जुनं लाकडी घर, आणि बाहेर बर्फ असा की दारावरून बस गेली तरी कळू नये. पोरगी आणि सुशांतराव दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर दार लावून. खाली मी, माझा कुकर, आणि घराची करकर.

एका सकाळी पूजेला घंटा हलवली तर वाजेचना. आतल्या लोलकाला हिरव्या कापडाची पट्टी गुंडाळलेली. घट्ट, आणि शेवटी चपटी गाठ.

"सुशांतराव, तुमच्या मीटिंगसाठी देवाचं तोंड बांधलंत होय?"

"आई, मी घंटेला हातसुद्धा लावला नाही!"

दुसऱ्या दिवशी गॅसच्या लायटरच्या तोंडावर मोजा. जावयाचाच, तोही धुतलेला नाही. मग माझी लाटणी. पोळ्यांचं एक, पापडांचं एक, दोन्ही गावाहून आणलेली. ती एकमेकांना जोडून बांधलेली, पण उलटसुलट. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. तीच हिरवी पट्टी, तीच चपटी गाठ. आणि सगळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा वास.

"आई, तू झोपेत उठून करतेस का गं?" आश्लेषानं विचारलं. लाडात विचारलं, ते जास्त लागलं.

संध्याकाळी जिन्यात ऐकलं. "गॅसपाशी मोजा, आशू! उद्या बाळ आल्यावर रिस्क नको यार." शनिवारचं माझं परतीचं तिकीट काढलं त्यांनी. पहिलं नातवंड पंधरा दिवसांवर आलेलं, आणि मला विमानात कोंबणार! मी ठरवलं, हे करणारा सापडल्याशिवाय इथून हलायचं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर जरा लवंडले. डोळा लागला असेल नसेल... मशीनच्या तेलाचा वास आला. पलंगाची कड खाली दबली... माझा हात कुणीतरी उचलला. हळू. आजारी माणसाचा उचलावा तसा. आणि कानाशी...

"श्श..."

मी ताडकन उठले. पलंगावर हात आपटला, तरी बांगड्या वाजल्याच नाहीत. दोन्ही हातांच्या बांगड्या हिरव्या पट्टीत आवळलेल्या. खोलीत कुणी नाही. तळघराचा जिना मात्र करकरत होता, कुणीतरी जड बुटांनी खाली उतरावं तसा.

मी लाटण्यांची ती जोडी उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडले, "कोण आहेस रे मुडद्या? वर ये!"

आयुष्यभर ही शिवी दिली. पहिल्यांदाच ती बरोबर माणसाला लागली होती, हे मला नंतर कळलं.

वरून दोघं धावत आली. मी हात पुढे केले. "आता बोला. दोन्ही हातांना मीच गाठ मारली का? मारून दाखवा, सुशांतराव!"

त्यांनी खरंच मारून बघितली. एका हातानं, दातांनी, तीनदा. नाही जमली. तरी म्हणतात, "प्रॅक्टिस केली तर जमेल."

तेवढ्यात घरमालक वॉल्टर हीटर दुरुस्त करायला आला. पंचाहत्तरी उलटलेला, थट्टेखोर माणूस. लाटण्यांची ती जोडी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. तसाच तळघरात गेला, आपली कुलपाची पेटी उघडली आणि एक बंदूक घेऊन आला. आखूड, लोखंडी, नळीत शिसं ओतून बंद केलेली. तिला मशीनच्या तेलाचा तोच वास.

"माझ्या बापाची," तो म्हणाला. आश्लेषा मराठीत सांगत होती. "एडीची. महायुद्धात विमानातून उड्या मारायचा."

बंदुकीचा पट्टा पॅराशूटच्या पट्ट्यांचा शिवलेला. कड्यांना हिरवं कापड गुंडाळलेलं, खुळखुळ होऊ नये म्हणून. माती जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडावर मोजा. आणि गोळ्यांच्या दोन लांबट पेट्या उलटसुलट बांधलेल्या. एक संपली की फिरवायची, दुसरी लावायची. सरकारनं दिलेली बंदूक त्या सैनिक पोरांनी आपल्या सोयीनं अशी सजवली होती. चपटी गाठ, तीच.

"उरलेलं कापड कुठंय?" सुशांतरावांनी विचारलं.

"बापाबरोबर पुरलं. त्याच्या खिशात."

मग मीच म्हटलं, "आशू, विचार त्यांना, हे सगळं कधी बांधायचे?"

वॉल्टर म्हणाला, "उडीच्या आधी."

आणि आश्लेषानं पोट धरलं. "आई... पाणी गेलं..."

पंधरा दिवस आधी! मी हसले की रडले, आठवत नाही. बर्फातून सुशांतराव गाडी चालवत होते आणि एका हातानं माझं तिकीट कॅन्सल करायला निघाले होते. मी फोन काढून घेतला. पहाटेला नात झाली. गुलाबी, टणटणीत, गळा माझ्यासारखा. घरी आल्यावर मी तळघराच्या पायरीवर एक लाडू ठेवला. मुडद्या म्हटलं होतं ना, ते बरं नाही.

बारशाला घर भरलं. काकू, मावश्या, वॉल्टरच्या डोक्यावर टोपी. मी आणलेले चांदीचे वाळे पोरीच्या पायात घातले, आणि तिनं ते इतके वाजवले की पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या.

पाहुणे गेले. पोर दुपारी झोपली. जागी झाली, पाय झाडायला लागली, आणि आवाजच नाही.

दोन्ही वाळ्यांना हिरवी पट्टी. चपटी गाठ. मी हात लावला तर ओली. वास घेतला तर ताज्या उकरलेल्या मातीचा. बाहेर जमीन कधीची दगडासारखी गोठलेली.

पोर हसत होती. आमच्याकडे बघून नाही, पाळण्याच्या पलीकडे बघून.

"आई," आश्लेषा पुटपुटली, "आता कुणाची उडी गं?"

सुशांतरावांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मग तळघराच्या दाराकडे. आणि पहिल्यांदा माझं सोडून दुसऱ्याचं नाव घेतलं.

"एडीकाका..."