मागाच्या सवयीचं काळीज

मगदूम सर वॉशिंग मशीनला पाठ टेकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. आत चादरी धडपडत होत्या, मशीन थरथरत होतं आणि सरांचं हृदय बऱ्याच दिवसांनी शहाण्यासारखं मिनिटाला साठ ठोके देत होतं. अग्रलेख निम्म्यावर आला तेव्हा मशीननं गोड शीळ घालून काम संपल्याचं जाहीर केलं आणि ते थांबलं.

सरांचं हृदय उठून पळत सुटलं.

"पद्मजा!"

"आले, मामा!" सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि चादरी बाहेर न काढताच तिनं बटण पुन्हा दाबलं. त्या चादरी सकाळपासून चौथ्यांदा धुतल्या जात होत्या. "आता यांचं सूत सुटायला लागलंय."

"सोलापुरी आहेत," सर धापा टाकत म्हणाले, "माझ्यापेक्षा जास्त टिकतील."

जिनदत्त मगदूम इचलकरंजीच्या एका जुन्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. हयात त्यांनी 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली. कुणी पान जोरात उलटलं तरी ते चष्म्यावरून पाहत. त्याच माणसाला आता शांतता सोसेनाशी झाली होती. घरातला पंखा, मिक्सर, मशीन, सगळं बंद पडलं की त्यांच्या छातीत जत्रा भरे.

याचं कारण छातीच्या डाव्या बाजूला, कातडीखाली बसवलेलं होतं. सरकारी परिपत्रकात त्याला 'सवयग्राही हृदयगतिनियंत्रक' म्हणत, म्हणून बाकी सगळे त्याला डबी म्हणत. जुना पेसमेकर हृदय रेंगाळलं की फक्त टोचणी द्यायचा. ही डबी शिकायची. माणूस कधी चालतो, कधी झोपतो, कधी जिना चढतो, हे त्याच्या हालचालींवरून आणि अंगाला जाणवणाऱ्या कंपनांवरून ती ओळखायची आणि गरज पडण्याच्या थोडं आधीच हृदयाचा वेग वाढवायची किंवा कमी करायची. जाहिरातीत लिहिलं होतं, 'तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते.' ते खरं होतं. अडचण एवढीच होती की सरांच्या छातीतली डबी सरांना ओळखत नव्हती.

नवी डबी परवडण्यासारखी नव्हती. सरांच्या जुन्या पेसमेकरची बॅटरी संपत आली तेव्हा विमा कंपनीनं कळवलं, की हृदय हा त्यांचा 'पूर्वीपासूनचा आजार' आहे. सरांना ते मान्य करावं लागलं. हृदय त्यांना जन्मापासून होतं. मग गावातलं स्पंदनदान मंडळ मदतीला आलं. डबी चितेत गेली तर बॅटरी फुटते, म्हणून दहनाआधी ती काढावीच लागते. मंडळाचे लोक अशा डब्या घरच्यांच्या संमतीनं गोळा करत, तपासून निर्जंतुक करत आणि ज्याला नवी परवडत नाही त्याला फुकट बसवून देत. देताना ते रक्तदाब बघत, वय बघत, बॅटरी बघत. आधीचा मालक काय काम करायचा, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"डबीची स्मृती पुसली की काम झालं," हृदयाच्या डॉक्टर इंगवले म्हणाल्या होत्या. "दोन मिनिटांचं काम आहे. पण त्याला कंपनीची चावी लागते."

"आणि चावी?"

डॉक्टरांनी आकडा तोंडानं सांगितला नाही, कागदावर लिहून सरकवला. सरांनी चष्मा काढून तो पाहिला, म्हणजे नीट दिसणार नाही.

"दुसरी डबी बसवता येईल?"

"यादीत नाव घालते. पण त्यासाठी कुणीतरी जायला हवं, आणि तेही बॅटरी शिल्लक ठेवून. शिवाय या वयात लगेच पुन्हा चिरफाड…" डॉक्टरांनी कागद परत घेतला. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "सर, हे असंच धावत राहिलं तर हृदय थकेल. ते आधीच थकलेलं आहे. तुम्ही कंपनीला फोन करून बघा. कधी कधी सवलत देतात."

सरांनी फोन करून डबीचा नंबर दाबला. पलीकडून एक प्रसन्न, कधीच न थकणारा आवाज आला. "नमस्कार मलकारीजी! आपली काय मदत करू?"

"मी मलकारी नाही. मी जिनदत्त मगदूम."

"आपलं यंत्र मलकारी डाके या नावानं नोंदलेलं आहे. मालकी बदलण्यासाठी मूळ वापरकर्त्याची तोंडी संमती लागेल."

"ते वारले."

"ऐकून फार वाईट वाटलं, मलकारीजी. संमती आत्ता देता का?"

सर म्हणजे आयुष्यात कधी खोटा सही-शिक्का न मारलेला माणूस. मग त्यांनी घसा खाकरला. "हो. माझी, म्हणजे मलकारीची, संमती आहे."

"धन्यवाद. आवाज जुळत नाही," तो आवाज तितक्याच प्रसन्नपणे म्हणाला. "आपला दिवस शुभ जावो."

त्यानंतर मगदूमांच्या घरात वॉशिंग मशीन अखंड सुरू झालं. मशीनचा आवाज मोबाईलवर लावून पाहिला, उपयोग झाला नाही. डबीला कान नव्हते, तिला थरथर लागायची. पद्मजानं शेजाऱ्यांकडून पाय चोळायचं यंत्र आणलं. ते चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी धूर आला. रात्री सर मिक्सर लावलेल्या ओट्याला डोकं टेकून डुलक्या घेत. झोप अशी नाहीच. नवऱ्याची बदली गुजरातेत, पदरात म्हातारा सासरा आणि मरणपंथाला लागलेलं मशीन. पद्मजाचेही डोळे खोल गेले होते, पण ती बोलत नव्हती. यंत्रमागांच्या इचलकरंजीत कुणी दमलोय असं म्हणत नाही, पाळी संपली असं म्हणतात.

पितृपंधरवड्यात एक दिवस दारात एक बाई उभी राहिली. साठीची, हिरवट नऊवारी, हातात पितळी डबा.

"मगदूम सर हितंच ऱ्हात्यात न्हवं? मी अक्काताई डाके."

आडनाव ऐकताच सर मशीनला टेकलेल्या पाठीनंच ताठ झाले. कुणाची डबी कुणाला गेली हे गुप्त ठेवायचा मंडळाचा नियम होता. पण मंडळाचे चिटणीस इचलकरंजीचे होते आणि त्यांची बायको अक्काताईंच्या गल्लीतली होती, तेव्हा नियमाचं काय व्हायचं ते झालं.

"आज आमच्या मालकांचा म्हाळ हाय," अक्काताई म्हणाल्या. "म्हाळाला कावळ्याला घालतुयाच आमी. पर म्हटलं, काळजातली डबी जित्ती हाय गावात, मग कावळ्याचीच वाट कशापायी बगायची? जेवा चार घास. तुमी जैन, कांदा-लसूण घातल्यालं न्हाई."

जैन माणसानं दुसऱ्याच्या म्हाळाचं जेवावं की नाही, यावर सरांच्या वाचनालयात एकही पुस्तक नव्हतं. ते विचार करत होते तेवढ्यात मशीन थांबलं.

सरांचा चेहरा पांढरा पडला. हात छातीवर गेला, मान दाराकडे वळली, पाय उठायच्या बेतात आले. पद्मजा बटणाकडे धावली.

अक्काताईंनी डबा खाली ठेवला. तोंडावर पदर धरून त्या बघत राहिल्या.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "आमचं मालक."

"काय?"

"असंच करायचं. माग थांबला की असंच."

मग त्यांनी सांगितलं. मलकारी डाके चाळीस वर्षं यंत्रमागावर. घर कारखान्याला लागून, मधे एकच भिंत. मागाचा सूत नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे धावतो तोवर भिंत थरथरते, भांडी थरथरतात, माणूस शांत असतो. सूत तुटलं की माग आपोआप थांबतो, आणि थांबला की उठून पळायचं, तुटलेली तार जोडायची, माग पुन्हा चालू करायचा. झोपेतसुद्धा. दोन्ही पाळ्यांना माग चालू असले की मलकारी घोरत. लाईट गेली की सगळी इचलकरंजी झोपायची, मलकारी तेवढे उठून बसायचे. कंपनीनं नव्या डबीच्या चाचणीसाठी ती त्यांना फुकट बसवली होती. डबी शेवटपर्यंत ठणठणीत राहिली, मूत्रपिंडं गेली.

सरांना सगळं उलगडलं. डबी बिघडली नव्हती. ती मलकारीला पाठ केल्यासारखी वागत होती. थरथर म्हणजे विसावा, शांतता म्हणजे पळ.

"चला," अक्काताई म्हणाल्या.

"कुठं?"

"कारखान्यात. ह्या धुण्याच्या डब्यात काय जीव हाय? चार माग हायती आमचं अजून. पोरगा चालवतुय."

गावातले बहुतेक जुने माग भंगारात गेले होते. उरलेल्यांना सरकारनं 'वारसा' म्हटलं होतं, म्हणजे विजेची सवलत काढून दारावर निळी पाटी लावली होती. त्या पाटीखालून सर आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या गोंगाटात उभे राहिले. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. जमीन थरथरत होती, दात थरथरत होते. भिंतीलगत मलकारीची बाज होती. सर तिच्यावर बसले, मग आडवे झाले.

पद्मजानं नाडीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत मोजलं. मग तीही जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागी झोपली. अक्काताईंनी दोघांवर ताजं कापड टाकलं.

सरांचा मुक्काम तिथंच पडला. बाजेशेजारी पुस्तकांची चळत आली. डॉक्टर इंगवले एकदा स्वतः येऊन गेल्या, कानात कापूस घालून. "शिकलेलं ती विसरूही शकते," त्या ओरडून म्हणाल्या. "चावी नसेल तर हळूहळू. रोज थोडी शांतता द्या, सोसेल एवढीच. वाढवत न्या."

"म्हणजे हिला मी शांतता राखायला शिकवायचं?"

"तुमचाच विषय आहे, सर."

सर शिकवू लागले. आधी कारखान्याच्या दारापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग वाचनालयाच्या पायरीपर्यंत. छातीत धडधड सुरू झाली की परत. यंत्र दुरुस्त करणं परवडत नव्हतं, म्हणून सत्तरीचा माणूस यंत्राची शिकवणी घेत होता; आणि दोघांतला एकही हुशार विद्यार्थी नव्हता.

मागावर दिवसातून कितीदा तरी सूत तुटायचं. माग थांबायचा, सर दचकायचे. सुताच्या कांड्या भरत बसलेल्या अक्काताई मान वर करायच्या.

"दचकलासा?"

"दचकलो."

त्या पदरात हसायच्या आणि उठून तार जोडायच्या. कधी म्हणायच्या, "मालक एवढ्यात शिवी हासडायचं. तुमी न्हाई देत."

"येत नाहीत हो."

"पुस्तकात नसत्यात व्हय?"

पुढं सरांच्या लक्षात आलं, की दुपारचा चहा झाला की एक माग सूत न तुटताच थांबतो. अक्काताईच दांडी ओढायच्या. सर दचकले की त्या समाधानानं दांडी पुन्हा टाकायच्या, देवाला उदबत्ती ओवाळावी तशा. फुकट मिळालेल्या डबीचं भाडं सरांना तेवढं तरी देता येत होतं.

हिवाळा सरता सरता दचकणं कमी झालं. आधी छातीत उडी, मग पाऊल, मग नुसती कूस बदलल्यासारखी हालचाल. घरात सर मशीनशिवाय झोपू लागले. पद्मजानं उरलेल्या चादरी वाळत घातल्या. त्यांतून आभाळ दिसत होतं.

डॉक्टरांनी आलेख पाहिला तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या हसल्या. "अभिनंदन. जुन्या मालकाच्या सवयी पुसल्या गेल्या. आता ही डबी फक्त तुमची."

"अगदी काही उरलं नाही?"

"काही नाही. घरी राहा, सर. आता त्या गोंगाटात जायची गरज नाही."

सर घरी गेले, जेवले, आणि दुपारी सवयीनं कारखान्याकडे चालू लागले. ही सवय कुणाची होती, डबीची की त्यांची, याचा त्यांनी विचार केला नाही. चार मागांपैकी दोन विकले गेले होते. अक्काताईंचा मुलगा कुणा भंगारवाल्याशी बोलत बाहेर उभा होता. आत अक्काताईंनी चहा गाळला, सरांना दिला, स्वतः घेतला. कप विसळून ठेवले. मग त्या मागाशी गेल्या आणि आधी एकाची, मग दुसऱ्याचीही दांडी ओढली.

धोटा थांबला. जमीन थांबली. पत्र्यावर कुठंतरी चिमणी चालत होती, तिची नखं ऐकू येत होती.

सरांच्या छातीत साठ ठोके पडत होते. एकामागून एक, सरळ, वाचनालयातल्यासारखे.

दांडीवर हात ठेवून अक्काताई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. चेहऱ्यावर हसू येऊन अर्ध्यावर थांबलं होतं. सरांचा हात सावकाश छातीकडे गेला आणि मध्येच घुटमळला.

"सर," अक्काताईंनी विचारलं, "दचकलासा न्हवं?"