पॅलेटच्या टोकाचा लाल

त्या तळघरातल्या बारमध्ये भर दुपारीही इतका अंधार असे, की ग्लास भरलाय की रिकामा हे हातात घेतल्याशिवाय कळू नये. अशा जागी बसून चित्र काढायचं कबूल करणाऱ्या बाईला शहाणी कोण म्हणेल? ती शाळेत चित्रकला शिकवायची. तिचा धाकटा भाऊ दर रविवारी दुपारी या बारमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि मालकाला भिंतीवर लावायला बँडचं चित्र हवं होतं. "आमच्या ताईला सांगा की," असं म्हणून धाकटा मोकळा झाला आणि हिचे रविवार बुडाले.

विघ्नं सतराशे साठ. बासवाला आपल्याहून उंच वाद्याआड तोंड लपवायचा. ड्रमवाल्याचे हात एका जागी ठरायचे नाहीत. येणारंजाणारं गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून डोकावून "आमचा पुतण्यापण काढतो" हे ऐकवून जायचं. त्यात स्टेजवर एकुलता एक लाल दिवा.

"बदला हो तो," तिनं मालकाला सांगून पाहिलं.

"लोक त्या दिव्यासाठीच येतात, बाई."

"नाचता येईना, अंगण वाकडं," धाकट्यानं ट्रम्पेट पुसता पुसता टोमणा मारला.

"तू गप बस आणि मान सरळ ठेव."

रंग ओळखूच येत नसल्यामुळे ती ते जागेच्या अंदाजानं उचलायची. पॅलेटवर अंगठ्याशी पांढरा, मग पिवळा, मग निळा, काळा, अगदी टोकाला लाल. लाल दिव्याखाली पांढऱ्या कॅनव्हासवर लाल रंग दिसत नाही, हे ती दर वर्षी पोरांना शिकवत आली होती. पहिल्या रविवारी तिनं चित्र जिना चढून रस्त्यावर उन्हात आणलं. वादकांच्या मागची जागा तिनं कोरी सोडली होती. तिथं, बारचं दार येतं त्या बाजूला, एक लाल माणूस उभा होता. ती घाबरली नाही, चिडली. चुकून कुंचला टोकाला गेला असणार. पण चुकीला खांदे, कोपर आणि लांब बोटं कुठून आली? तिनं टर्पेंटाइनच्या चिंधीनं त्याला पुसून टाकलं.

दुसऱ्या रविवारी तो ड्रमच्या मागे होता.

तिसऱ्या रविवारी धाकट्याच्या मागे, वीतभर अंतरावर, हात उचललेला. फटकारे तिचेच होते. बोटांची टोकं अशी चपटी दुसरं कुणी काढत नसे. आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता, त्याला तिनंच वाढवलं होतं. आता मात्र तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा आणखी संताप आला.

"पुढच्या रविवारी वाजवू नकोस," ती म्हणाली.

"का?"

सांगणार काय, कपाळ? "तब्येत बरी दिसत नाही तुझी."

"ठणठणीत आहे मी. चित्र संपव तू आधी."

पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या रविवारी तिनं लाल रंगाची ट्यूब घरी कपाटात घातली आणि कुलूप लावलं. बारमध्ये खुर्ची भिंतीला टेकवून बसली आणि वादन संपेपर्यंत जागची हलली नाही.

दोनदा तिचा हात आपसूक पॅलेटच्या टोकाला गेला. कुंचला कोरड्या लाकडावर घासला आणि परत आला.

शेवटच्या गाण्याला हात गेलाच नाही. तिला हायसं वाटलं.

चित्र घेऊन ती जिना चढली. उन्हात तिनं ते तीन वेळा न्याहाळलं. मागची जागा कोरी होती, कुठंही लाल ठिपका नव्हता. ती पायरीवर बसली आणि एकटीच हसली, हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

धाकटा मागून वर आला. एकेक पायरी थांबून, दम घेत.

"झालं एकदाचं?"

"झालं."

"शेवटच्या गाण्याला येऊन खांद्यावर हात ठेवलास ना, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण ताई, केवढा भार टाकलास. श्वासच पुरेना."

ती खुर्चीतून उठलीच नव्हती.

तिनं मान वर केली. उन्हात तो एकटाच उभा होता. उजव्या खांद्यावर शर्टाला चुण्या पडल्या होत्या, आणि ती बघत असतानाच त्या आणखी घट्ट होत गेल्या.